जाळीतून

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. न्यू ब्रन्सविकचा किनारा,
तळघरात झेली भट्टीपुढे गुडघे टेकून,
डोक्याला जुन्या उशीचा अभ्रा.

वर, जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीला कान लावून
आल्फे. फुप्फुसांनी त्याला जिना बंद केला
गेल्या हिवाळ्यापासून.

"आधी राख. सगळी नको, बोटभर राहू दे खाली."
ठाऊक आहे.
"झाकणाची बादली घे."
तीच घेतली. राखेत निखारा तीन दिवस जागा असतो,
रोबिशोंची पडवी गेली ती तशीच.

मग धुराड्याचा नळ. सांधा सुटतो
आणि काळी पापडी झडते पत्र्यावर,
डांबराच्या वासाची.
"ओलं लाकूड जाळलंस," जाळी म्हणते.
मार्चमध्ये तूच म्हणालास, बर्च चालेल,
असं झेली ब्रशला सांगते.

ब्रश उलटा फिरवला की दांडा सुटतो, अडकतो नळात.
तिने एकदाच, अर्धाच, फिरवला उलटा,
मुद्दाम.
वरून लगेच: "झेली!"
कान शाबूत आहेत तर.

शेवटी दाराची दोरी.
लॉटरीचं हरलेलं तिकीट फटीत धरून
ती कडी लावते.
सहज सरकलं तर दोरी थकली.
ओढते. तिकीट फाटतं,
अर्धं चिमटीत, अर्धं दारात.

"निघालं?"
"नाही."

वर बराच वेळ काहीच नाही.
मग जाळीच्या भोकातून पडते
काडेपेटीतली एक काडी.
मग दुसरी,
पहिली विझली तर.