समताप रेषा

चैत्र संपत आलाय. धायरीत दुपारी तीनला
शेजारच्या पत्र्यावरून खार पळाली
तर तिची नखंसुद्धा पोळल्यासारखी वाजतात.
मी लॅपटॉपला भूगोल वाचायला बसवलाय,
पानन्‌पान स्कॅन करून.
जूनच्या आत बत्तीस मुलांच्या बोटांखाली तो जायला हवा.

लॅपटॉप तापलाय.
हे मला कुणी सांगावं लागत नाही.
मनगटाखालची पट्टी आधी कोमट, मग
चहाचा पेला बाहेरून लागतो तेवढी,
आणि पंखा असा घरघरतो
जसा दत्तूकाका, तीन जिने चढून आल्यावर,
पाणी मागण्याआधी.

पण तापलाय म्हणजे किती?
आई उलट्या हाताने कपाळ बघायची
आणि म्हणायची, कणकण आहे.
कणकण हा आकडा नाही.

भाचीने एक प्रोग्रॅम टाकून दिला.
'मावशी, मस्त काटा आहे बघ,
हिरवा, मग पिवळा, मग लाल.'
ती गेल्यावर मी टॅब दाबत गेले.
नकटी म्हणाली: चित्र. चित्र. बटण. चित्र.
नकटी म्हणजे माझा स्क्रीन रीडर. नाकात बोलते,
पण नसलेलं काही सांगत नाही.
लाल कितीला होतं ते त्या काट्यालाच ठाऊक.

शौकत बागवानला फोन केला.
शाळेत आम्ही एका बाकावर. आता तो कॅम्पात, बँकेत,
आणि कुठलं सॉफ्टवेअर आपल्याशी बोलतं,
कुठलं तोंड फिरवून बसतं,
हे त्याला पाढ्यांसारखं पाठ.
'काटेबिटे सोड,' म्हणाला, 'एक आहे.
दिसायला भिकार, असं बायको म्हणते. नुसती यादी.
बाण खाली दाब आणि ऐक.'

बाण खाली.
कोअर एक, त्र्याण्णव.
बाण खाली.
कोअर दोन, पंच्याण्णव.
पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.
पंच्याण्णव.
पाणी उकळायला पाच कमी.
इतके दिवस माझा हात ज्याला नुसतं 'बरंच' म्हणत होता
त्याला नाव होतं.

तपकीर गल्लीतले ढमाले म्हणाले, 'उन्हाळा आहे ताई,
सगळ्यांचंच तापतं. तुम्हाला जरा जास्त वाटत असेल.'
'पंच्याण्णव,' मी म्हटलं.
स्क्रूड्रायव्हर थांबला.
'कुणी बघून सांगितलं?'
'मी बघितलं.'

मग स्टीलच्या वाटीत एकेक स्क्रू पडला, अकरा,
ब्रश, फुंकर, शिंक,
आणि त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली
पंख्यातून निघालेली गादी.
बोटभर जाड, मऊ, जवळजवळ वजन नसलेली.
गोधडीचा कापूस, पोळ्यांचं पीठ,
सिंहगड रस्त्याची अख्खी दोन वर्षं.
फेकायला चटकन हात उचलेना.

आता रात्री: अठ्ठावन्न. एकसष्ट. अठ्ठावन्न.
काम नसतानाही बाण खाली दाबते,
झोपलेल्या तान्ह्याच्या नाकापाशी
उगाच बोट धरतात, तशी.

भूगोल पान चौऱ्याऐंशीवर आलाय.
'नकाशातील समताप रेषांचे निरीक्षण करा.'
नकटी म्हणते: चित्र.

मेण लावलेला दोरा आणलाय त्यासाठी,
जाड कागदावर चिकटवत चाललेय,
वीस अंशांची रेषा, पंचवीस अंशांची.
तिसाच्या रेषेपाशी अडलेय.
भाचीला विचारलं, ही नेमकी कुठे वळते गं?
तिने माझं बोट धरून हवेतच फिरवलं:
'साधारण अशी.'

साधारण.
साडेअकरा वाजलेत, तरी फोन लावते.
शौकत, जागा आहेस?
याची कुठे नुसती यादी मिळेल का?