रिठी

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत रेंज येते,
म्हणून धानाच्या पोत्याला टेकून बसते मी.
पडद्याच्या डाव्या बाजूला पॅकेजांची यादी:
सगळी पूर्ण नावानिशी, टिंबाला टिंब लागलेलं,
रेशन दुकानासमोर ठेवलेल्या पिशव्यांसारखी.
कोण कोणाच्या घरचं, कळत नाही.

एक बटण दाबलं की तिचंच झाड होतं.
झाड म्हणायचं खरं;
मूळ वर, आणि फांद्या एकेक पाऊल
आत सरकत खाली उतरतात.

दारातून अंताराम कोतवाल बघतात.
"हे काय हाये वं?"
तालुक्यातल्या मामा तलावांचा हिशेब, मी म्हणते,
आणि बोट फिरवत वाचून दाखवते:
भंडारा टिंब लाखांदूर टिंब पिपरटोला टिंब तलाव,
त्याच्या पोटात पाळ, सांडवा, तुडूम.

"पत्ता उलटाच लिवला वं पोरी.
आपन मुक्काम पयले लिवतो, मंग पोस्ट, मंग तालुका.
इथं तं जिल्हा पुढं, अन् पानी सगळ्यात मागं."

मग विचारतात, पिपरटोल्याले आपली ओळ काहून नाही?
त्यात स्वतःचं काहीच नाही, मी सांगते,
एकही फाइल नाही, फक्त आत जायची वाट.
अशांना हे झाड
शेजारच्या नावाला चिकटवून टाकतं.
जागा वाचते.

"म्हंजे रिठी,"
खर्रा घोटता घोटता अंताराम म्हणतात.
"पटकीत उठलं ते गाव, माह्या आजाच्या आंधी.
एक हिर हाये, मोहाचं झाड हाये, देवीचा गोटा.
तलाठी दर साली लिवते, लोकसंख्या निरंक.
पन लिवते.
वेगळ्या पानावर लिवते."

सेटिंगमध्ये जाऊन मी ती एक खूण काढली.
झाड हललं, एक पायरी आत गेलं,
आणि मधोमध पिपरटोला,
एकटंच, आपल्या ओळीवर.

"हे का?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.
हो.
"मंग राहू दे."

संध्याकाळी पुण्याहून निरंजनचा फोन:
तुझ्याकडे एवढ्या रिकाम्या ओळी कशाला गं?
मी म्हटलं, मोहा वेचायला जातात तिकडे.
तो हसला, मग कामाचं बोलला.

चुन्याचा डाग अजून पडद्यावर आहे.
यादी सरकवली की तो जागचा हलत नाही,
नावं त्याच्याखालून जातात.