पुठ्ठ्यांची माळ

नायनांच्या उजव्या बरगडीखाली नागीण उठली
तेव्हा दत्तनगरातली निम्मी गल्ली काव घेऊन आली.
तोंड-शेपूट जुळू देऊ नका, म्हणाली लचमव्वा,
आणि दोन्ही टोकांना बांध घातला.
मी मध्ये पडले नाही.
सिव्हिलच्या लॅबमध्ये मी काचपट्ट्या रंगवते,
काव म्हणजे शेवटी एक रंगच.

रात्री गोळी देताना त्यांनी विचारलं,
"असला कसला जंतू गं? तुझ्या दुर्बिणीत दिसला?"
नाही दिसत.
"क्षयाचा दिसतो ते?"
तो दिसतो. तो घरदार असलेला, नायना.
साखर पेठेतली आपली खोली आठवा.
तिथंच माग, तिथंच चूल,
तिथंच सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी अम्मा,
मध्ये बारदानाचा पडदासुद्धा नाही.
वंशाचा कागदही त्याचा पेटीत नसतो,
खोलीत मधोमध गुंडाळी होऊन पडलेला.
पण कमावतो, खातो, एकाचे दोन होतो.
त्याची भिंत पाडणारी औषधं आहेत आपल्याकडे.

"आणि आपण?"
आपण अक्कलकोट रोडचा मोठा कारखाना.
आत कुलपातलं ऑफिस, नमुने तिथंच,
बाहेर जातात त्या फक्त नकला.
बॉयलर वेगळा, रंगखातं वेगळं, घडी-पॅकिंग वेगळं.
एकेका पेशीत एवढा कारभार,
आणि असे किती कोटी कारखाने
तुमच्या एका बोटात.

"मग हा नागोबा?"
इथं मी अडकले.
पुस्तकात वाक्य आहे: धड सजीव नाही, धड निर्जीव नाही.
चाळीस वर्षं जकार्ड चालवलेल्या माणसाला
असलं वाक्य म्हणजे सुटलेला धागा.

त्यांनीच वर बघितलं.
खुंटीला पुठ्ठ्यांची माळ, मोराच्या डिझाइनची,
शेड बंद झाली तेव्हा हिशेबाऐवजी मागून आणलेली.
"हे असं काय?"

हो. असंच.
ह्याला माग नाही, सूत नाही, वीज लागत नाही.
कितीही वर्षं धूळ खाईल;
खातही नाही म्हणा, धूळ नुसती बसते.
मागावर चढला की मात्र
भोक तिथं ताणा वर,
भोक नाही तिथं खाली,
माग विचारत नाही माळ कुणाची.

ते हसले. बरगडी धरून हसले.
एकदा पाळी बदलताना कुणीतरी
गज्जमच्या मागावर भलतीच माळ चढवली होती.
सकाळी सात चादरी, एकीतही मोर नाही.
"सूत मालकाचं, लाइट मालकाची, घाम गज्जमचा.
माग बिचारा इमानदार."

एक सांगायचं राहिलं होतं.
ही माळ नवी नाही, नायना.
सातव्या वर्षी तुम्हाला कांजिण्या आल्या,
कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं ना,
तेव्हापासून कण्याजवळच्या नसेच्या गाठीत
ती टांगलेली. साठ वर्षं.
तुमचं लग्न, संप, अम्माचं जाणं,
सगळं तिच्याखालून गेलं.

ते गप्प.
मग मीच म्हटलं, जाताना तो काय करतो माहितीय?
आपल्याच पेशीचा पदर फाडून
अंगावर घेऊन जातो.
"पांघरून?"
पांघरून.
"सोलापूरचाच म्हणायचा."

तिसऱ्या आठवड्यात खपल्या धरल्या.
काव कधीच गळून उशीच्या अभ्र्यावर सांडली होती.
तोंड-शेपूट जुळलं नाही.
बांधामुळं, लचमव्वा म्हणते.
एका अंगालाच एक नस असते, मी म्हणत नाही.
तिनं रात्री दोनदा येऊन कपाळ बघितलं होतं,
पुस्तकानं नव्हतं बघितलं.

आग अजून राहते, कूस बदलताना.
माळ टाकून द्या, असं ते बोलले नाहीत.
घरात आता माग उरलेला नाही,
तरीसुद्धा काल स्टुलावर चढून
त्यांनी ती उलटी केली,
भिंतीकडे तोंड करून.