सहाशे बारावं प्रकरण

चीनमध्ये मध्यरात्र होते
तेव्हा फहाहीलला संध्याकाळचे सात.
रोझालिन कुकर बंद करते, शीजा केस पुसत येते,
आणि तीन मोबाइलांवर एकदम उतरतं नवं प्रकरण.
भाषांतर यंत्राचं, म्हणून सेनापती कधी तो, कधी ती,
एकदा तर अख्खं प्रकरणभर 'ते' होता.
आम्ही चालवून घेतलं.

सहाशे अकरा प्रकरणं झाली,
सेनापती शेन वेईनं वैद्याच्या मुलीचा
हातसुद्धा धरलेला नाही.
(तिनं त्याची नाडी पाहिली, तीनदा.
शीजा ते मोजते, रोझालिन मोजत नाही.)

सहाशे बाराव्यात तो निघतो उत्तरेच्या किल्ल्याकडे.
बर्फ. ती कंदील घेऊन दारात.
आणि तो म्हणतो काय, तर
"तिसरी पायरी मोडली आहे. जपून."
संपलं प्रकरण.

रोझालिननं उशी भिरकावली.
हे प्रेम नाही, ही घरदुरुस्ती आहे, म्हणाली.
शीजा म्हणाली, अंधारात पायरी लक्षात ठेवली त्यानं,
अजून काय पाहिजे तुला?
साडेअकरापर्यंत अबोला.
मी दोन पलंगांच्या मध्ये. मला नंदुरबारहून फोन.
इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं, हे म्हणाले.
बरं, म्हटलं.
ठेवला.

डायलिसिसला उम्म फहद येते शनि, सोम, बुध.
सुई टोचताना तोंड फिरवून विचारते,
शिनु सार, हीमा? काय झालं पुढे?
माझं अरबी म्हणजे दुखतंय का, श्वास घ्या, मूठ वळा.
तेवढ्यावर मी सहाशे प्रकरणं ओढत आणली.
युद्ध म्हणजे 'मोठं दुखणं', राजवाडा म्हणजे 'मंत्रालय'.
पायरीचं सांगितलं तर ती गप्प.
यंत्रातून रक्त फिरत राहिलं.
मग म्हणाली, पुन्हा सांग.

आणि लेखिकाच थांबली.
एका ओळीची चिठ्ठी : आई आजारी आहे, क्षमा असावी.
रोझालिननं आधी शिव्या घातल्या,
मग मेणबत्ती लावली.

शनिवारी मी म्हटलं, नाही आलं. सोमवारीही तेच.
बुधवारी उम्म फहदचा बीपी ऐंशीवर, ओठ पांढरे,
पाय वर केले, सलाइन सोडलं,
डोळे उघडले तशी म्हणते, शिनु सार?
आणि माझ्या तोंडून गेलं :
परत आला. लग्न झालं.

कसं?
आता आलं का सांगणं!
घोडा लंगडत आणला, बरोबर सुतार आणला,
आधी पायरी ठोकून घेतली.
हळद लावली चिनी माणसाला, कोपरापर्यंत.
वरमाय नव्हती, तर सुताराच्या बायकोला उभी केली.
आणि रात्री, ती झोपल्यावर,
त्यानं उठून दिव्यात तेल घातलं.
हं, म्हणाली उम्म फहद. तेल घातलं ना.
बीपी शंभर.

शनिवारी ती रहशचा डबा घेऊन हजर.
मबरूक, मबरूक, सगळ्या वॉर्डाला.
रोझालिनच्या हातावरही ठेवला तुकडा.
कसला?
शेन वेईच्या लग्नाचा.

शीजाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.
आम्हाला न विचारता?
सहाशे बारा प्रकरणं वाट पाहिली आम्ही,
आणि तू बेड नंबर चारपाशी, हातमोज्यांत,
उभ्या उभ्या लावून टाकलंस?
रोझालिननं तीन तुकडे खाल्ले. रुसूनच.

काल सातला सहाशे तेरावं आलं.
त्यात तो किल्ल्यावरच आहे. बर्फ पडतोच आहे.
वैद्याच्या मुलीचं नावही नाही कुठे.
लेखिकेच्या आईचं काय झालं
तेही लिहिलेलं नाही.

आज सोमवार. मूठ वळा, म्हणते मी.
उम्म फहद दुसऱ्या हातानं मला जवळ ओढते,
पडद्याकडे एकदा बघते,
आणि आमच्या मामी विचारायच्या तशी
अगदी हळू :
आणि मग? काही बातमी?