एका ठिपक्याचं हवामान

कालामाहून पाव आणणारी गाडी आज पुन्हा घाटात अडकली.
रात्रपाळीला बिस्किटं, काळी कॉफी.
मी दुर्बीण फिरवतो, त्याचा पगार मिळतो.
मियारायलाही त्याचाच मिळतो,
पण मधल्या रिकाम्या वेळात ती
अवकाशातल्या दुर्बिणीने धाडलेली एक रेघ बघत बसते.
चढते, माथ्यावर येते, उतरते.
एवढीच एका अख्ख्या ग्रहाची खबर.

चित्र नाही. ठिपकासुद्धा वेगळा दिसत नाही.
ताऱ्याच्या झळाळीत मिसळलेली
हजारातला एखादा भाग ऊब.

गुरूहून थोराड ग्रह.
तोंड कायम ताऱ्याकडे, पाठ कायम काळोखात.
आपल्या दोन दिवसांत त्याचं वर्ष सरतं;
वाढदिवस मोजायला तिथं कुणी नाही, ते बरं.

हिशेबाने सर्वांत तापलेली जागा
ताऱ्याच्या बरोब्बर समोर हवी.
वारा तिला पूर्वेला ओढून नेतो,
म्हणून ग्रह ताऱ्याआड जायच्या आधीच
रेघ माथ्यावर येते.
गेल्या वर्षी आली होती.
या वर्षी माथा उशिरा आला.

तीन आठवडे ती स्वतःलाच बोल लावत होती.
यंत्राची प्रत्येक थरथर वजा केली,
आकडेमोड शेवटाकडून पहिल्यापर्यंत उसवली.
वालपराइसोचा मित्र फोनवर म्हणाला,
चूक तुझीच असणार.
हसला, मग थांबला.

पहाटे चारला सेनोबिया आयाविरे
स्वयंपाकघरातून हात पुसत आली.
‘मागे चल.’
मातीच्या भिंतीवर मियारायचा तळवा टेकवला.
‘रोज या वेळी कोमट असते.’
गार होती.
‘काल दुपारभर बोलिव्हियाकडचे ढग होते वर.
तुम्ही सगळे झोपला होतात.’

आणि मग, आत जाता जाता,
‘मी काही माझ्या हाताला दोष दिला नाही.’

त्या ग्रहाच्या काळ्या पाठीवर
वितळलेल्या दगडाचे, कदाचित माणकाचे ढग धरतात.
एखादा पुंजका कडेवरून उजेडात येत असेल,
खालची आग झाकत असेल,
विरत असेल.
आपण तेव्हा झोपेत.
आपल्यापर्यंत येते ती फक्त भिंत.

मियारायने नोंदवहीत ‘दोष’ हा शब्द खोडला.
वर लिहिलं: ढगाळ?
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.

सहाला गाडी आली.
पाव कालचा होता.