तिसरा थांबा

बिटकोच्या चौकात, वरच्या मजल्यावर,
मुनोतच्या ऑफिसात भिंतभर समुद्र चिकटवलाय.
एका कोपऱ्यातून त्याला ओल आलीय.

पहिले दोन थांबे झकास, मावशी.
तिसऱ्याचं मात्र...
आणि त्याने नकाशावर बोट ठेवलं.
बोटाखाली अख्खा देश गेला.

तिथे सध्या जरा गडबड आहे, म्हणाला.
गडबड म्हणजे? गायधनीबाईंनी विचारलं,
पर्स मांडीवर घट्ट धरून.
गडबड म्हणजे सरकार आहे, आणि तसं नाहीही.
पण बंदराला कुंपण आहे, कुंपणाला पहारा आहे,
आत छोटासा बाजार. शिंपल्यांच्या माळा, टोप्या, शहाळी.
बाहेर जायचं असेल तर या चौकोनात खूण,
जहाजावरच थांबणार असाल तर या.
विम्यात दंगल बसत नाही.
बॅग हरवली तर बसते.

मी एकतीस वर्षं प्रेसमध्ये पासपोर्टची पानं मोजली.
जेल रोडवरून डबा घेऊन निघायचं,
गेटवर झडती द्यायची,
मग दिवसभर अंगठा आणि पान:
छत्तीस, छत्तीस, छत्तीस.
एक जरी कमी भरलं तर दारं बंद,
सापडेस्तोवर कुणी घरी जायचं नाही.
सगळे देश मी कोरेच पाहिले.
कोऱ्या पानावर गडबड दिसत नाही,
उजेडात धरलं तर फक्त सिंह.

आता माझंच एक पुस्तक माझ्या पर्समध्ये.
मुनोत बोलत होता तेव्हा सवयीने मोजलं.
भरली.

एका वर्षी गावात संचारबंदी लागली होती.
कशावरून, ते आता नीट आठवत नाही,
मेन रोडची शटरं तेवढी आठवतात.
दुधासाठी दोन तास उठवली, तेव्हा सीबीएसवर
दोघं परदेशी उभे, पाठीवर डोंगराएवढ्या सॅक,
त्र्यंबकची गाडी कुठे लागते विचारत.
बाईने मला विचारलं, इथे सेफ आहे का?
मी म्हणाले, मी इथेच राहते.
तिला ते उत्तर वाटलं. हसली.
माझ्या हातातल्या पिशव्या फुटतात की काय
असं मी धरलं होतं दूध.

आणि गोदेला पूर आला की आपण काय करतो?
दुतोंड्या मारुतीकडे बघतो.
गुडघ्याला आलं. मांडीला आलं.
कमरेपर्यंत पुलावर गर्दी, कणसं, भजी.
छातीला लागलं की सराफ बाजारात माणसं
पेट्या डोक्यावर घेऊन जिने चढतात
आणि पुलावरचे खातच राहतात.
मी दोन्हीकडे उभी राहिलेय.
पुलावर कितीदा तरी,
आणि एकदा नणंदेच्या दुकानात,
चिखलात हात घालून पितळेची भांडी चाचपत.
मान वर केली तर कुणीतरी फोटो काढत होतं,
आणि खरं सांगू, मी पदर सारखा केला.

अकरा मजली जहाज.
अकराव्यावर पोहायचा तलाव.
तिथून शहर फार छान दिसतं म्हणे,
न उतरताही.

अर्ज घरी आणलाय. फ्रिजवर लावलाय,
लाईटच्या बिलाशेजारी. दोन्ही चौकोन रिकामे.

रात्री गायधनीबाईंचा फोन.
जावई म्हणतो, खाली पाऊलही ठेवायचं नाही.
तुमचं काय ठरलं?

मी म्हटलं, मुनोतला सांगा, तिथल्या कुणाला तरी विचार,
शिंपल्यांच्या माळा विकते त्या बाईला विचार,
मारुतीच्या कुठपर्यंत आलंय पाणी.

गायधनीबाई पंचवटीत वाढलेल्या.
हसतील वाटलं.
बराच वेळ फोनमधून
त्यांच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत राहिला.