मागचा माणूस

घाटंजीचा बाजार. विचारलं, फोटो काढू का?
ती सुपाची कड बांधत होती, दातांत बांबूची काडी.
मान हलली. हो म्हणाली की माशी हाकलली,
कळलं नाही. काढला.

मग म्हणाली, दाखव.
स्वतःचा चेहरा तिनं अंगठ्यानं बाजूला सारला,
मिरचीचा ठेला ओलांडला,
पार मागं, सायकलींजवळ थांबली.
"ह्याले मोठा कर."
केला.
"अजून."
पांढरा शर्ट, अर्धा कान, हातात पिशवी.
"थोच हाये! पोयापासून दोन डाल्याचे पैसे बुडवून
समोरून जाते, आंधळा झाल्यावानी.
बस इथं. बकरी आली त हाकल."
आणि गेली गर्दीत, सुरा हातातच.

तिच्या पोत्यावर बसलो. जागा अजून गरम.
इथून बाजार गुडघ्यांचा दिसतो,
वरचे चेहरे उन्हात पुसलेले.
एकानं सूप उचललं, बोटानं वाजवलं.
"पंचफुला कुठं गेली? तुमी कोन तिचे?"

दीडशे, म्हणालो, अंदाजानं.
त्यानं ऐंशी ठेवले माझ्या कॅमेऱ्यावर
आणि गेला.

ती आली की काय सांगू?
त्याचा तर फोटोही नाही.